अर्धी वर आलेली अक्कलदाढ आणि पुन्हा पुन्हा सुजणारी हिरडी

डिचोलीहून एका आईने विचारलं आहे. लेक 21 वर्षांची, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. डावीकडची खालची अक्कलदाढ अर्धीच वर आली आहे. सहा महिन्यांत तिसऱ्यांदा तिथली हिरडी सुजली. पहिल्या दोन्ही वेळी जवळच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, सूज उतरली, विषय संपला. या वेळी तोंड जेमतेम दोन बोटं उघडतं, कानात कळ जाते, आणि गणपतीची चवथ आठवड्यावर आली आहे. कोणी सांगतं वरची कातडी कापून टाका, कोणी सांगतं दाढच काढा. घरातल्या आजींचं म्हणणं, खालची दाढ काढली की डोळा अधू होतो. आता नेमकं काय करायचं?

ताई, आधी आजचं बघू, दाढ काढायची की नाही ते नंतर.

तिला ताप आहे का? पाणी गिळताना त्रास होतो का? आवाज घोगरा किंवा तोंडात काही धरून बोलल्यासारखा झाला आहे का? जबड्याच्या हाडाखाली, गळ्याच्या बाजूला सूज उतरली आहे का? जीभ वर उचलल्यासारखी वाटते का, लाळ गिळता न आल्याने बाहेर गळते का? थुंकी गिळता येत नसेल, जिभेखाली किंवा गळ्यावर टणक सूज असेल, श्वास घेताना अडखळत असेल, तर दवाखाना उघडायची वाट बघू नका. रात्र असली तरी बांबोळीला गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, कॅज्युअल्टीत न्या, तेवढा दम नसेल तर 108 ला फोन करा. अक्कलदाढेभोवतीचा जंतुसंसर्ग जबड्याच्या आतल्या बाजूने गळ्याच्या पोकळ्यांमध्ये उतरू शकतो. जिभेखाली दोन्ही बाजूंना पसरणाऱ्या अशा सुजेचं वर्णन लुडविग नावाच्या जर्मन डॉक्टरांनी 1836 मध्ये केलं होतं. आजही ती झाली की पहिली धडपड श्वासाची वाट मोकळी ठेवण्याची असते. हे क्वचित होतं, पण होतं, आणि सुरुवात अशीच साध्या दाढदुखीने झालेली असते.

यातलं काहीच नसेल, तरी दोन बोटं उघडणारं तोंड ही हलकी गोष्ट नाही. बहुतेक माणसांच्या तोंडात स्वतःची तीन बोटं उभी मावतात. चावायचे स्नायू त्या दाढेला अगदी लागून आहेत. सूज त्यांच्यापर्यंत पोचली की ते आखडतात आणि जबडा अडतो. म्हणून आज किंवा फार तर उद्या तिला दंतवैद्याकडे न्या. चवथ झाल्यावर बघू, असं करू नका.

आता हे पुन्हा पुन्हा का होतं ते सांगते, कारण ते कळलं की पुढचा निर्णय तुमचा तुम्हालाच सोपा जाईल.

अक्कलदाढ सर्वांत शेवटी येते, साधारण 17 ते 25 या वयात. तोवर बाकीच्या दातांनी जागा अडवलेली असते आणि पुष्कळांच्या जबड्यात मागे पुरेशी लांबी उरत नाही. मग दाढ अर्धी वर येऊन थांबते. तिच्या मागच्या भागावर हिरडीचा एक पदर तसाच राहतो. तो दाढेला चिकटलेला नसतो, नुसता वर पडलेला असतो. पावसाळ्यात कौलाखाली पालापाचोळा अडकून कुजत राहावा तसं त्या पदराखाली अन्न अडकतं. आपल्या जेवणात ओल्या नारळाचा कीस असतो, माशाचे बारीक कण असतात, उकड्या तांदळाची शितं असतात. सगळं तिथे जाऊन बसतं. ब्रश तिथे पोचत नाही, चूळ भरली तरी पाणी आत शिरत नाही. हवाही फारशी पोचत नाही, म्हणून हवेविना वाढणाऱ्या जंतूंना ती जागा मानवते. तोंडाला येणारी ती विशिष्ट दुर्गंधी आणि मध्येच जिभेवर येणारी वाईट चव त्यांचीच.

पदर थोडा सुजला की तो जाड होऊन वर उचलला जातो. मग वरची अक्कलदाढ प्रत्येक घासाला त्यावर आपटते. आपटली की आणखी सूज, आणखी सुजला की आणखी आपटणार. कित्येकांना वाटतं खालची दाढ दुखते आहे. प्रत्यक्षात दाढ निरोगी असते, दुखते ती वरच्या दाढेने चेचलेली हिरडी. कानात जाणारी कळही यामुळेच. जबड्याला आणि कानाच्या पुढच्या भागाला संवेदना पुरवणाऱ्या शिरा एकाच मोठ्या शिरेच्या फांद्या आहेत, म्हणून कळ नेमकी कुठून निघाली हे मेंदूला नीट उमगत नाही. टॉन्सिल समजून घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलेली मुलं आमच्याकडे नेहमी येतात.

या दुखण्याला आम्ही पेरिकोरोनायटिस म्हणतो. परीक्षेच्या दिवसांत, जागरणात, सर्दी-खोकल्याच्या पाठोपाठ ते उसळतं, कारण तेव्हा अंगातली प्रतिकाराची ताकद खालावलेली असते आणि ब्रशही घाईत होतो. काही मुलींना पाळीच्या आसपास त्रास वाढलेला जाणवतो. तिची आधीची दोन दुखणी कधी आली होती, आठवून बघा.

गोळ्यांनी सूज उतरली, मग पुन्हा का आली? कारण पदराखालची घाण तिथेच राहिली. अँटिबायोटिक रक्तातून पोचतं. पदराखाली अडकलेल्या कुजक्या अन्नात रक्त नसतं. गोळी आजूबाजूच्या मांसातला संसर्ग आटोक्यात आणते, सूज बसते, पण मुळातली खाच जशीच्या तशी राहते आणि काही आठवड्यांनी पुन्हा भरते. गोळी वाईट असं मी म्हणत नाही. ताप असेल, तोंड उघडत नसेल, मानेत गाठी आल्या असतील, सूज गालाकडे पसरत असेल तर ती लागते. तुमच्या मुलीचं तोंड अडलं आहे, म्हणून तिला या वेळी अँटिबायोटिक मिळालं तर ते योग्यच ठरेल. पण ताप नाही, तोंड नीट उघडतं, नुसती हिरडी सुजून दुखते, अशा वेळी गोळ्यांचा डबा रिकामा करण्यात अर्थ नाही. प्रत्येक अनावश्यक डोसाने जंतू अधिक निबर होतात, आणि उद्या खरोखर गरज पडेल तेव्हा तेच औषध लागू पडत नाही.

खरा इलाज आहे तो पदराखालची जागा धुण्याचा. दंतवैद्य बोथट सुईची सिरिंज घेऊन सलाईन किंवा क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक पदराखाली सोडतात, आत साचलेलं सगळं बाहेर काढतात, दाढेवरचा थर साफ करतात. पू कोंडला असेल तर वाट करून देतात. वरची दाढ त्या पदरावर आपटत असेल तर तिचे टोकदार उंचवटे थोडे घासतात, आणि ती दाढ तशीही निरुपयोगी असेल तर काढून टाकतात. वरची अक्कलदाढ काढणं बहुधा सोपं असतं आणि खालच्या हिरडीला त्याच दिवशी आराम पडतो. हे सगळं पंधरावीस मिनिटांचं काम आहे. तुम्ही दवाखान्यात गेलात आणि तोंडात न बघता, न धुता नुसती चिठ्ठी हातात मिळाली, तर नम्रपणे विचारा, डॉक्टर, आत धुऊन देता का? हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

औषधांबद्दल थोडं. या जंतूंसाठी बहुतेक वेळा मेट्रोनिडाझोल देतात, कधी अ‍ॅमॉक्सिसिलिन. सहसा तीन दिवस पुरतात, मग पुन्हा तपासून पुढचं ठरवतात. मेट्रोनिडाझोल चालू असताना आणि संपल्यावरही दोन दिवस दारूचा थेंब नको, उलट्या आणि छातीत धडधड होऊ शकते. आपल्याकडे सणासमारंभात हे सांगावं लागतं. रक्त पातळ करणारी वॉर्फरिनची गोळी घरात कोणी घेत असेल तर त्या माणसाने मेट्रोनिडाझोल डॉक्टरांना न सांगता घेऊ नये. मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या काढून देऊ नका, आणि शेजारणीच्या तर मुळीच नकोत.

दुखण्यासाठी जेवल्यावर आयबुप्रोफेन चांगलं लागू पडतं. ज्यांना अल्सर, मूत्रपिंडाचा आजार किंवा दमा आहे त्यांनी ते विचारूनच घ्यावं. आणखी एक गोष्ट मी पावसाळ्यात आवर्जून सांगते. चवथीच्या सुमारास गोव्यात डेंग्यूचे दिवस असतात. मुलीला चांगला ताप असेल, अंग मोडून येत असेल, डोळ्यांच्या मागे दुखत असेल, तर ताप दाढेचाच आहे असं धरून आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन देऊ नका. डेंग्यूत त्याने रक्तस्राव वाढू शकतो. रक्त तपासून होईपर्यंत पॅरासिटामॉलवर राहा.

घरी काय करायचं? कोमट पाण्याच्या पेल्यात अर्धा चमचा मीठ, प्रत्येक खाण्यानंतर. नुसतं घोळून थुंकू नका. मान डावीकडे कलवून पाणी त्या दाढेवर थोडा वेळ धरा, मग सोडा. ब्रश थांबवू नका. दुखतं म्हणून त्या बाजूला ब्रश लावायचाच नाही, ही सर्वांत जास्त होणारी चूक. लहान मुलांचा, छोट्या डोक्याचा मऊ ब्रश आणा. तोंड सताड उघडलं की गाल ताणला जातो आणि मागे ब्रशला जागाच उरत नाही, म्हणून तोंड अर्धवट मिटून ब्रश मागून पुढे ओढायचा. आत्ता ती तसंही जास्त उघडू शकत नाही, त्यामुळे हे आपसूक जमेल. खायला पेज, मऊ भात, कांजी, अंडं. नेवऱ्या आणि चकल्या या वर्षी तिच्यासाठी डब्यात ठेवून द्या. टोकदार, कडक तुकडा सुजलेल्या पदरात घुसला की आठवड्याची मेहनत वाया.

काय करू नये तेही सांगते. लवंगेचं तेल दाताच्या खड्ड्यात कापसाने ठेवायचं असतं, उघड्या हिरडीला लावलं तर ती भाजते. काही घरांत फेणीचा बोळा दाढेत धरायची रीत आहे, त्यानेही तेच होतं. अ‍ॅस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून ठेवली की पांढरा चट्टा पडतो आणि दुखणं दुप्पट. मशेरी लावून तात्पुरतं बधिर वाटतं, पण ती तंबाखू आहे आणि तिचे कण त्याच पदराखाली जाऊन बसतात. पिन, काडी, सुई लावून उकरू नये. गालाला बाहेरून गरम शेकही नको. गरम पाणी तोंडात, आतून. बाहेरून हवं तर थंड.

आता कातडी कापायची की दाढ काढायची.

कातडी, म्हणजे तो पदर, कापणं आकर्षक वाटतं कारण काम छोटं. पण ते फार थोड्यांना उपयोगी पडतं. दाढ सरळ उभी असेल, तिच्या मागे पुरेशी जागा असेल, आणि ती आणखी वर येऊन वरच्या दाढेला नीट भिडेल अशी आशा असेल, तरच. तिरप्या, आडव्या किंवा जबड्याच्या हाडाला टेकलेल्या दाढेवरचा पदर कापला तर तो काही महिन्यांत पुन्हा वाढतो. तुमच्या लेकीची दाढ 21 व्या वर्षी अर्धी वर येऊन थांबली आहे आणि तीनदा सुजली आहे. एक्सरे न बघता मी शेवटचा शब्द देणार नाही, पण पदर कापून भागेल असं मला वाटत नाही.

दाढ काढण्याबद्दल ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेने 2000 मध्ये मार्गदर्शन दिलं होतं. पहिल्यांदा सूज आली आणि ती फार तीव्र नसेल तर तेवढ्यावर दाढ काढू नये. दुसऱ्यांदा किंवा त्यानंतर आली तर काढणं योग्य. मी सर्वसाधारणपणे हाच नियम पाळते. त्याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे: जी अक्कलदाढ काहीच त्रास देत नाही, ती नुसती अर्धी आहे म्हणून काढायची नसते. तिच्यावर लक्ष ठेवायचं. तुमच्या लेकीचं तिसरं दुखणं आहे, म्हणजे तिच्या बाबतीत झुकतं माप काढण्याकडे जातं. आणखी एक कारण पुढच्या दाढेचं. तिरपी अक्कलदाढ पुढच्या चांगल्या दाढेला टेकून बसते, त्या फटीत अन्न साचून पुढची दाढ मागच्या बाजूने किडते, आणि कळेपर्यंत ती वाचवण्यापलीकडे गेलेली असते. चावायला उपयोगी असलेली दाढ निरुपयोगी दाढेपायी घालवायची, हे मला पाहवत नाही.

वयाचाही विचार करा. विशीत हाड लवचीक असतं, मुळं कधीकधी अजून पूर्ण झालेली नसतात, जखम लवकर भरते. तेच काम चाळिशीत जड जातं, सूज जास्त राहते, गुंतागुंत वाढते.

आजींची भीती. त्यांना हसू नका, त्यांच्या पिढीने भूल नीट न देता उपटलेल्या दाढा पाहिल्या आहेत. चेहऱ्याची संवेदना वाहणाऱ्या मोठ्या शिरेला तीन फांद्या आहेत: एक कपाळ-डोळ्याच्या भागाला, एक वरच्या जबड्याला, एक खालच्या. खालच्या दाढेचा संबंध तिसरीशी. डोळ्याला दिसतं ते ज्या शिरेमुळे ती वेगळीच, थेट मेंदूतून येणारी, आणि ती त्या दाढेच्या जवळपासही नाही. खालची दाढ काढल्याने नजर जात नाही. खरा धोका आहे तो वेगळा आणि तो तुम्हाला माहीत असायला हवा. खालच्या जबड्याच्या हाडातून ओठ आणि हनुवटीची संवेदना नेणारी शीर जाते, कधी अगदी दाढेच्या मुळांना लागून. काढताना ती दुखावली तर खालचा ओठ त्या बाजूला बधिर राहतो. जिभेची शीरही जवळूनच जाते. बहुतेकांची संवेदना काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परत येते, कायमची राहण्याचं प्रमाण शंभरात एकाहून कमी.

म्हणूनच संपूर्ण जबड्याचा एक्सरे, ज्याला आम्ही ओपीजी म्हणतो, तो काढल्याशिवाय खालची अर्धवट दाढ काढायला बसू नये. त्यात मुळं शिरेच्या फार जवळ दिसली तर सीबीसीटी नावाचा त्रिमितीय स्कॅन करून नेमकं अंतर बघतात. मुळांनी शिरेला वेढाच घातला असेल तर नुसता वरचा मुकुट कापून मुळं आत ठेवण्याचीही पद्धत आहे. अशा अवघड दाढेसाठी मुखशल्यचिकित्सकांकडे जा. बांबोळीला सरकारी गोवा दंत महाविद्यालय आहे, 1980 पासूनचं, तिथे त्यांचा वेगळा विभाग आहे. खर्चाची अडचण असेल तर पहिला रस्ता तोच.

कधी काढायची? सूज ताजी असताना काढावी की ओसरू द्यावी, यावर आमच्यात मतभेद आहेत. तोंड दोन बोटं उघडत असताना मागच्या दाढेपर्यंत पोचणंच कठीण, आणि सुजलेल्या जागी भूलही नीट चढत नाही. म्हणून मी आधी धुऊन, सूज उतरवून, तोंड उघडू लागल्यावर काढते. तुमच्याकडे हिशोब सोपा आहे: आज धुऊन घ्या, दोन-तीन दिवसांनी पुन्हा दाखवा, चवथ होऊ द्या, त्यानंतर दाढ. फक्त ओपीजी आणि काढण्याची तारीख हे दोन्ही चवथीआधीच ठरवून घ्या. दुखायचं थांबलं की ती तारीख कोणीच घ्यायला येत नाही, आणि चौथ्या वेळी आम्ही पुन्हा तिथेच असतो.

काढल्यानंतर गाल सुजतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त, मग उतरायला लागतो. घाबरू नका. पहिल्या दिवशी बाहेरून बर्फ, जोरात गुळण्या नाहीत, थुंकत राहणं नाही, स्ट्रॉने पिणं नाही, कारण खड्ड्यातली रक्ताची गाठ टिकायला हवी. ती निघून गेली की दोन-चार दिवसांनी कानापर्यंत जाणारी तीव्र कळ सुरू होते. अशा वेळी गोळ्या वाढवत न बसता परत या, आत औषधाची पट्टी ठेवली की आराम पडतो. सिगारेट ओढणाऱ्यांत हे जास्त दिसतं.

हाच त्रास लहान मुलांनाही होतो. सहाव्या वर्षी दुधाच्या दातांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. कुठलाही दात न पडता येते, म्हणून आईवडील तिला दुधाची समजतात. येताना तिच्यावरही हिरडीचा पदर असतो, तो सुजतो, मूल त्या बाजूने चावत नाही. ती दाढ जन्मभराची आहे. तिथे काढायचं-कापायचं काही नसतं, स्वच्छ ठेवून वाट बघायची. बाराव्या वर्षाच्या दाढेचंही तेच.

गरोदरपणात हिरडी अधिक सुजते. धुणं कुठल्याही महिन्यात करता येतं, मोठं काम शक्यतो मधल्या तीन महिन्यांत. मधुमेह असेल तर आधी साखर बघा, अशा माणसांत संसर्ग झपाट्याने पसरतो.

आणि चाळिशीच्या पुढचं, तंबाखू किंवा मशेरीची सवय असलेलं कोणी घरात असेल, ज्याला अक्कलदाढेजवळ सूज आणि तोंड उघडायला त्रास आहे, त्याला तुमच्या लेकीचं औषध चालवू नका. तिथे सुजेमागे दुसरं काही असू शकतं. दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, टणक कडा दिसली तर तुकडा काढून तपासायलाच हवा.

लेकीला नेताना आधीच्या दोन्ही चिठ्ठ्या बरोबर घ्या, म्हणजे कोणतं औषध किती दिवस झालं ते कळेल. कुठल्या गोळीने अंगावर पित्त उठलं होतं का, इंजेक्शन बघून चक्कर येते का, हेही सांगा. सकाळी काही खाऊन न्या, उपाशी पोटी नको.